मांडवाचे खांब

माझी बायको विषाणूंच्या वंशावळी काढते. नवीन माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग विचारतो, म्हणजे नेमकं काय करते? आमच्याकडे पूर्वी भाट यायचे. ओट्यावर बसून घराण्याच्या पिढ्या घडाघडा म्हणून दाखवायचे. कोण कुठून आला, कोणाच्या पोटी कोण, कोणती शाखा तापी ओलांडून पलीकडे गेली. कांचनच्या हाताखालचं यंत्र तेच काम करतं, फक्त केळीच्या रोगाचं. जेवणाच्या डब्याएवढं ते यंत्र केळी-रक्षण मंडळानं गावोगाव वाटलं, तेव्हा आमच्या निमोदे गावानं त्याला भाट असंच नाव दिलं. कागदोपत्री त्याचं जे लांबलचक नाव होतं, ते आता कांचनलाही आठवत नाही.

रोगाचं नाव पर्णगुच्छ. आम्ही सरळ गुच्छा म्हणतो. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत आमच्याकडे केळीशिवाय दुसरं फारसं काही दिसत नाही, त्यामुळे तो आला तेव्हा त्याला इथं खायला भरपूर होतं. गुच्छा लागलेल्या झाडाची नवी पानं अरुंद आणि ताठ निघतात, एकात एक अडकतात, शेंड्याला झुपका होतो आणि ते झाड पुन्हा निसवत नाही, म्हणजे त्यातून घड बाहेर पडत नाही. लागलेलं झाड बरं करणारं औषध नाही. रोग पसरवतो मावा. मोहरीहून लहान, काळसर किडा, खोडाच्या तळाशी जुन्या पानांच्या खपल्यांखाली दडून बसतो. आजारी झाडाचा रस एकदा पोटात गेला की तो मरेपर्यंत विषाणू बाळगतो. त्यातही वाईट म्हणजे रोग लागल्यावर महिना-दोन महिने झाड अगदी ठणठणीत दिसतं. मालक त्याला पाणी देतो, खत देतो, त्याच्याकडे कौतुकानं बघतो.

वंशावळ कशी निघते हे कांचन शाळेतल्या पोरांना समजावते, ते मला फार आवडतं. विषाणू म्हणजे डीएनएच्या सहा तुकड्यांवर लिहिलेला छोटासा मजकूर. झाडाच्या पेशीत शिरून तो स्वतःच्या नकला काढून घेतो, आणि नकला काढताना चुका होतात. एका बागेत झालेली चूक पुढच्या बागेत तशीच उतरते, शिवाय तिथं एखादी नवी चूक होते. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरांच्या पेपरवरून मास्तरला कळतं ना, कोण कोणाच्या मागे बसला होता ते, तसंच हे. भाट पानाच्या तुकड्यातून ते सहाही तुकडे वाचतो, चुका जुळवतो आणि गावाच्या नकाशावर बाण काढतो. या शेतातून त्या शेतात, तिथून पुढच्या. उलट्या दिशेनं बाण धरून मागे गेलं की शेवटी एक शेत उरतं. त्याला उगम म्हणायचं.

उगम शोधण्यामागचा हेतू चांगला होता. निरोगी झाडाला वाचवणारा एक फवारा आता निघाला आहे. त्यात विषाणूच्याच मजकुराचा एक तुकडा आरएनएच्या रूपात असतो. झाडाला तो आधी दाखवून ठेवला की खरा विषाणू आल्यावर झाड त्याला ओळखतं आणि कापून टाकतं. पण फवारा तयार व्हायला वेळ लागतो आणि तो सगळ्यांना पुरत नाही, म्हणून उगमाभोवतीच्या बागांना आधी द्यायचा. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मंडळातल्या कोणाच्या तरी डोक्यातून एक नियम निघाला, की ज्याचं शेत उगम ठरेल त्याला सात वर्षं केळीबंदी. लोकांनी काळजी घ्यावी म्हणून. लोकांनी काळजी घेतलीही, पण आपलं नाव येऊ नये याची. एखाद्या झाडावर शंका आली की गुपचूप विळा मारायचा आणि खोड पुरून टाकायचं. आधी मावा न मारता झाड पाडलं तर सगळा मावा शेजारच्या झाडावर पळतो, हे कांचननं दहा वेळा सांगितलं होतं. पण मावा मारायला पंप पाठीवर घेतला की चार लोक बघतात.

अशा दिवसांत, ज्येष्ठातल्या भर दुपारी, हेमराज आबा वारके गावच्या मधल्या रस्त्यानं चालत आमच्या घरी आले. हातात गाठ मारलेली पारदर्शक पिशवी होती आणि तिच्यात केळीचं पान.

आबा म्हणजे माझे बांधाला बांध लागून असलेले शेजारी. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. बायको गेलेली, मुली आपापल्या घरी. माणूस आणि बाग, एवढाच संसार.

"कांचनबाई, हे पाह्य," ते म्हणाले. "शेंड्याले झुपका आला."

तिनं पिशवी उजेडाकडे धरली. देठावर गडद हिरव्या तुटक रेघा होत्या. पाहायला भाटाची गरजच नव्हती.

"आबा, झाड पाडलं का?"

"नही. तूच सांगतलं व्हतं ना, आंधी मावा मारायचा, मंग झाड. मावा मारला. झाड उभं आहे."

"येताना कोणी पाहिलं?"

"पाहू दे ना. लपून आनलं असतं तं तुले खरं वाटलं असतं का?"

गावात उघडपणे पान घेऊन येणारा तो पहिला माणूस. कांचननं त्यांना बसवलं, चहा दिला. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते आबांच्या लक्षात येऊ नये म्हणून ती उगीचच साखरेचा डबा शोधत राहिली.

पुढच्या आठ-दहा दिवसांत मंडळाची माणसं आली आणि सगळ्या बागांतली पानं तपासली. अकरा बागांत गुच्छा निघाला. माझ्या शेतात निघाला नाही. माझा आबांच्या बाजूचा तुकडा हिवाळ्यातच रिकामा झाला होता आणि नवी रोपं मी दुसऱ्या टोकाला लावली होती. भाटानं बाण काढले. सगळे बाण एकाच शेतातून निघत होते, हेमराज वारके यांच्या.

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. आपलं नाव नाही, एवढाच विचार पहिल्यांदा मनात आला. आबांचा विचार नंतर आला आणि तो आल्यावर मला माझीच लाज वाटली. त्या वयाच्या माणसाला सात वर्षं म्हणजे कायमचंच. ग्रामसभेत नाव वाचून दाखवलं की शिक्का बसणार होता.

कांचन मात्र नकाशासमोरून हलेना.

"आबांकडे कुठून आला?" ती म्हणाली. "ते बाहेरून रोप आणत नाहीत. कंद घरचेच. स्वतः कुठं जात-येत नाहीत. विषाणू काही मातीतून उगवत नाही."

"वाऱ्यावर आला असेल मावा."

"आला असेल. पण मग त्या बाणाला शेपूट हवं. मागचं शेत आपल्याला सापडलं नाही, एवढाच याचा अर्थ. मागचं सापडलं नाही म्हणून पुढच्याला उगम ठरवायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आबांच्या बागेत गेली. मीही गेलो. बांध ओलांडला आणि आबांच्या पहिल्याच ओळीत, सावलीत, ते आम्हाला दिसले. केळीचे आठ खांब. वाळून तपकिरी झालेले, पण एकाशेजारी एक नीट मांडून ठेवलेले. त्यातल्या एकाला आंब्याच्या पानांच्या तोरणाचा दोरा अजून गुंडाळलेला होता.

आमच्या लेकीच्या, ग्रीष्माच्या, लग्नाचे खांब.

आमच्या भागातल्या चार-पाच गावांत मांडवाचे केळीचे खांब मुलीच्या मामाच्या बागेतले लागतात. मामानं ते वाजतगाजत आणायचे. लग्न उरकलं तरी फेकायचे नाहीत. पायदळी न येतील असे बांधावर ठेवायचे आणि आपोआप वाळू द्यायचे. माघात ग्रीष्माचं लग्न झालं, तेव्हा कांचनचा धाकटा भाऊ ललित फेगडे तापीपलीकडच्या सावतखेड्याहून ट्रॅक्टर सजवून आला होता. भाचीच्या मांडवाला मरगळलेले खांब नकोत म्हणून त्यानं ते कापले नव्हते. कंदासकट उपटून, कंदाला ओलं गोणपाट गुंडाळून आणले होते. चार दिवस ते हिरवेगार उभे होते. जो तो म्हणाला, मामा असावा तर असा.

रोगाचे दिवस होते. परगावचं एक रोप आम्ही कोणी गावात येऊ देत नव्हतो. विळे औषधात बुडवत होतो. पण खांब म्हणजे केळी आहे, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. कांचनच्याही नाही. तिनं तर त्यांना हळदीकुंकू लावलं होतं.

ती खाली बसली. खपली उचलून आतला पानाचा वाळका तुकडा चिमट्यानं काढला आणि कुपीत टाकला.

"त्यात आता काय असणार?" मी म्हणालो. "पार वाळलंय."

"मावा मेला असेल. मजकूर टिकतो."

"हे मी आपल्या बांधावर ठेवले होते. इकडे आबांच्या ओळीत कसे आले?"

तिनं कुपीला बूच लावलं आणि ती घराकडे निघाली. संध्याकाळपर्यंत भाटाचं काम झालं. आबांच्या विषाणूत ज्या चुका होत्या, त्यातल्या जुन्या सगळ्या खांबातल्या विषाणूत होत्या आणि नवी एकही नव्हती. म्हणजे खांब आधी, आबा नंतर. नकाशावर एक नवा बाण आला आणि त्याचं शेपूट तापी ओलांडून गेलं.

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्या संध्याकाळी आम्ही भांडलो तसे कधी भांडलो नव्हतो. आवाज कोणाचाच चढला नाही.

"तुला कोणी खांब तपासायला सांगितलं होतं?" मी म्हणालो. "पाऊस पडला की कुजून जातील. विषय संपला."

"आबांचा विषय संपेल."

"ललित आहे तो. तुझा सख्खा भाऊ. त्याचं सगळं केळीवर आहे. ग्रीष्माच्या सासरी कळलं तर? तिच्या मांडवानं गावात रोग आणला म्हणतील. पोरगी कोणत्या तोंडानं राहील तिथं?"

"तो कोण आहे ते मला माहीत आहे, तुम्ही सांगू नका." तिनं नकाशावरच्या आबांच्या शेतावर बोट ठेवलं. "फवारा आबांच्या बागेभोवती पडेल. खरा रोग नदीपलीकडे तसाच वाढत राहील. पुढच्या वर्षी पुन्हा येईल, दुसऱ्या कोणाच्या मांडवातून. आणि आबांनी उजेडात पान आणलं त्याचं काय? त्यांना बंदी झाली तर या गावात पुन्हा कोणी पान आणेल का माझ्याकडे?"

ती म्हणत होती ते सगळं खरं होतं. तरीही तिनं गप्प बसावं असंच मला वाटत होतं, आणि मी ते तिला बोलूनही दाखवलं. ती उठून आत गेली.

ग्रामसभेच्या आधी ललितला स्वतः सांगायचं, असं तिनं ठरवलं. मी गाडी काढली. सावतखेड्याला पोचलो तेव्हा ललित बागेतच होता. बहीण न कळवता आली म्हणून तो आनंदानं पुढे आला, बायकोला चहा टाकायला लावला, ग्रीष्माची चौकशी केली. चहा आला. कांचननं कप हातात न घेता सगळं सांगून टाकलं.

तो ऐकत राहिला. मला वाटलं होतं, तो चिडेल, यंत्राला शिव्या देईल. तसं काही झालं नाही.

"खालच्या बागेत दोन झाडं व्हती," तो हळूच म्हणाला. "पौषात. मी पाडली आन् पुरली. पन खांब खालच्या बागेतले नव्हते, ताई. वरच्या बागेतले. एकेक निवडून घेतला. अगदी चांगले व्हते."

"चांगले दिसत होते, ललित."

"आमच्या गावात पुष्कळ घरी आहे गुच्छा. कोनी बोलत नही."

"तू मला तरी सांगायचं होतंस. फोन करायचा. तुझी बहीण हेच काम करते."

"सांगतलं असतं तं बंदी आली असती." त्यानं वर पाहिलं. "मंग ग्रीष्माच्या मांडवाले खांब कोठून आनले असते मी?"

त्याची बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली.

"सभेत माझं नाव घेशील?"

"घेईन."

"तुझं शेत तं साफ निघालं ना? मंग?"

ललितनं तिच्यापुढचा न प्यायलेला चहाचा कप उचलला, अंगणाच्या कडेला जाऊन ओतला आणि कप पालथा ठेवला.

"जाय," तो म्हणाला. "जिजाजी, घेऊन जा हिले. माझ्या दारात पुन्हा येऊ नको म्हना."

परत येताना तापीच्या पुलावर तपासणी नाक्यापाशी थांबावं लागलं. गाडीची चाकं औषधाच्या पाण्यातून काढायची असतात. नाक्यावरचा माणूस आम्हाला ओळखत होता. सजवलेला ट्रॅक्टर माघात त्यानंच सोडला होता.

"मामाचा काय थाट होता, ताई," तो म्हणाला. "चाकं तेवढी बुडवून घेतली आम्ही आणि मग बँडपुढे नाचलो पण. लाडू अजून आठवतात."

डिकी उघडून त्यानं एखादं रोप आहे का ते बारकाईनं पाहिलं आणि आम्हाला जाऊ दिलं. पूल संपल्यावर कांचन रडायला लागली. मी गाडी बाजूला घेतली आणि तिचा हात धरून बसलो. दुसरं काही सुचलं नाही.

सभा मढीत होती, म्हणजे आमच्या गावच्या सभागृहात. मंडळाचे अधिकारी जळगावहून आले होते. आबा धुतलेलं धोतर-सदरा घालून पुढच्या रांगेत बसले होते. शेजारी दोन्हीकडच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ज्याचं नाव वाचलं जाणार त्याच्या शेजारी बसायला कोणी तयार नव्हतं. ते बघून मी उठलो आणि आबांच्या शेजारी जाऊन बसलो. उशिराच सुचलं, पण सुचलं.

अधिकाऱ्यांनी कागद उघडला तसं कांचननं हात वर केला आणि ती उभी राहिली. तिनं कागद घेतला नव्हता.

"उगम हेमराज आबा नाहीत. माझ्या मुलीच्या लग्नात मांडवाला जे खांब होते, त्यातून रोग गावात आला. ते खांब माझ्या माहेरहून आले, माझ्या भावानं आणले, आणि मी त्यांची पूजा केली. वाळलेल्या खांबातला विषाणू मी तपासला आहे. तुम्ही पुन्हा तपासा."

ही गोष्ट घरोघरी घडू शकली असती हे प्रत्येकाला कळत होतं. त्या माघात गावात चार लग्नं झाली होती.

मग माझ्या शेजारून आबा उठले.

"बस, बाई," ते म्हणाले. "बस खाली. काहून बोललं तू?"

"आबा, खरं ते..."

"मले माहीत व्हतं."

अधिकारी पुढे झुकले. "काय माहीत होतं?"

"खांब मीच उचलून ठेवले. पंकजच्या बांधावर व्हते." पंकज म्हणजे मी. "त्याचं शेत नांगरायले ट्रॅक्टर आला, त्याच्या चाकाखाली येत व्हते. लेकीच्या मांडवाचे खांब, त्याले पाय लागू नये म्हनून मी एकेक उचलून माझ्या सावलीत नेऊन ठेवला. मंग त्याच ओळीत पयलं झाड गुच्छ्यानं धरलं. आता एवढं तं मलेही समजतं."

"मग तुम्ही तेव्हाच का सांगितलं नाहीत?"

आबांनी त्या माणसाकडे जरा नवलानंच पाहिलं.

"पोरीच्या मांडवाचं नाव रोगाले लावू का मी? तिले सासरी नांदायचं आहे, साहेब. माझं काय, माझी बाग खाऊन झाली."

या माणसाचं नाव कागदावर आलं तेव्हा मी सुटलो म्हणून निःश्वास टाकला होता, आणि तो माझ्या मुलीसाठी गप्प बसला होता. मी त्यांचा हात धरला आणि त्यांना खाली बसवलं. आजही तो दिवस आठवला की मान खाली जाते.

नियम होता तो होताच. मंडळानं नदीपलीकडे जाऊन ललितच्या बागा तेवढ्या तपासल्या, वरच्या बागेत गुच्छा निघाला आणि उगम म्हणून त्याच्या नावावर सात वर्षांची केळीबंदी लागली. आबांची बंदी टळली, पण आजारी बाग वाचणार नव्हती. आधी मावा मारला. मग प्रत्येक खोडात सुईनं औषध सोडलं, म्हणजे झाड उभ्या उभ्याच मरतं आणि पाडलं तरी त्यातून काही पसरत नाही. आठवड्याभरात पानं पिवळी पडून खोडाला चिकटली. आबा रोज बांधावर येऊन बसायचे. मी शेजारी जाऊन बसायचो.

ग्रीष्माचा फोन आला, तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं. सासरी दोन दिवस कुजबुज झाली, म्हणाली. मग तिच्या सासूनं स्वतःच विचारलं, आपल्या दारच्या मांडवातले खांब कुठे ठेवलेत, चला बघू.

ललितचा मात्र फोन नाही, निरोप नाही. राखी कांचननं पोस्टानं पाठवली, ती आली नाही परत आणि पोचल्याचंही कळलं नाही. गावात लोक तिच्याशी नीट वागत होते, काही जण पानंही आणून देऊ लागले होते. उघडपणे आणून देत होते. पण माहेर तुटलेल्या बाईला याचं किती समाधान असणार? भाऊबीजेला तिनं सकाळीच पाट मांडला, रांगोळी काढली, ताट तयार केलं. दुपारी मी ते ताट उचलून ठेवावं का असा विचार करत होतो, तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली.

ललित खंगला होता. त्यानं माझ्याकडे पाहून मान हलवली आणि सरळ पाटावर येऊन बसला. कांचननं त्याला कुंकू लावलं. अक्षता अर्ध्या त्याच्या मांडीवर पडल्या. तिनं ओवाळलं.

ओवाळणी घालायला त्यानं खिशात हात घातला नाही. पाठीवरची पिशवी पुढे ओढली, तिच्यातून एक स्टीलचा डबा काढला आणि झाकण उघडून ताटात ठेवला. आत काचेच्या लहान लहान कुप्या होत्या, प्रत्येकीत पानाचा एक तुकडा, वरपर्यंत स्पिरिट भरलेलं. डब्यात न मावलेल्या काही पिशवीत कापडात गुंडाळून ठेवल्या होत्या.

"स्पिरिटात बुडवल्या," तो म्हणाला. "मावा नही, काही नही. पुलावर दाखवून आनल्या."

"कोणाच्या आहेत?"

"आमच्या गावातल्या. माझं नाव सभेत आलं ना, मंग एकेक जन यायले लागला माझ्याकडे. माझ्यासमोर बोलायले कोनाले भीती वाटत नही आता. बुडालेला मानूस मी." तो किंचित हसला. "कोनती कुपी कोनाच्या बागेतली, ते मले तोंडपाठ आहे. फवारा घेऊन ये, मी बाग दाखवतो. पन त्यायचं नाव मी सांगनार नही, ताई. ते विचारू नको."

"भाटाला नाव लागतं, ललित. नावाशिवाय तो कुपी घेत नाही."

"मंग माझं लिही," तो म्हणाला. "सगळ्यांवर माझंच लिही. मले अजून कोनती बंदी लागनार आहे?"

कांचननं निरांजन खाली ठेवलं. आत जाऊन पेन आणलं, त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि पहिली कुपी हातात घेतली.